परीक्षेच्या दिवसांत घरात असेल त्यातून स्वयंपाक: काय मोकळं सोडायचं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा: परीक्षा तीन आठवड्यांवर आली आहे, संध्याकाळी पुस्तकावर नजर ठरत नाही आणि स्वयंपाकघरात जाऊन हाताला लागेल त्यातून काहीतरी करावंसं वाटतं. करताना बरं वाटतं. पण निम्म्या वेळा पदार्थ फसतो, दोन तास जातात आणि चिडचिड उलट वाढते. कृती वाचून करायचं नाही, कारण वाचण्याचाच तर कंटाळा आला आहे. मग हे सोडून द्यावं की नीट करता येईल?

सोडू नका. पदार्थ फसतो तो कृती समोर नव्हती म्हणून नव्हे. ज्या तीन गोष्टी मनाने ठरवून चालत नाहीत त्याही आपण मनाने ठरवतो, म्हणून फसतो. आच, पाणी आणि क्रम या त्या तीन गोष्टी. कढईत काय घालायचं हे पूर्ण मोकळं सोडा. फ्लॉवरऐवजी गाजर, चीजऐवजी अंडं, काहीही चालतं. पण कशानंतर काय घालायचं, किती आचेवर आणि किती पाण्यात, हे ठरलेलं असू द्या. तेवढं एकदा डोक्यात बसलं की कृतीची गरज उरत नाही.

या कामाने बरं का वाटतं हेही समजून घ्या, कारण पदार्थाची निवड त्यावरच ठरते. अभ्यासाचं फळ आठवड्यांनी दिसतं; कांदा दोन मिनिटांत सांगतो की आच जास्त आहे. हात, नाक, कान गुंतलेले असतात. डोकं रिकामं राहत नाही, पण त्याला काही पाठही करावं लागत नाही. म्हणून अशा संध्याकाळी चिरणं, परतणं, मळणं असली कामं निवडा. ओव्हनमधला केक निवडू नका. केकमध्ये मापाची चूक चाळीस मिनिटांनी कळते आणि तोवर काही करता येत नाही. आचेवरच्या एका भांड्यातला पदार्थ प्रत्येक टप्प्यावर चाखता येतो, सावरता येतो. थकलेल्या माणसाला ही सवलत फार मोलाची असते.

वेळ आधी बांधा. चिरायला दहा मिनिटं, आचेवर वीस-पंचवीस, खायला पंधरा, भांडी आणि ओट्याला दहा. म्हणजे एक तास, आणि तोही एरवी जेवणात जाणारा. जेवणाची वेळ सोडून भलत्याच वेळी स्वयंपाकाला लागलात तर तो तास अभ्यासातूनच कापला जातो. पुस्तक मिटण्यापूर्वी चिठ्ठीवर एक ओळ लिहून ठेवा: परत आल्यावर कोणत्या पानावरचं कोणतं उदाहरण. ही ओळ नसली की जेवणानंतरचा अर्धा तास ‘कुठून सुरू करू’ यातच जातो. आणि दिवसातून तिसऱ्यांदा स्वयंपाकघराकडे पाय वळत असतील तर ती विश्रांती नव्हे, टाळाटाळ आहे. तेव्हा भांडं चढवण्याऐवजी अभ्यासाचा तुकडा लहान करा.

आता मुख्य काम. गॅस पेटवण्याआधी घरात जे आहे ते ओट्यावर काढा आणि त्यातून पाच जागा भरा. आधार: तांदूळ, बटाटा, नूडल्स, पाव किंवा पीठ. पोटाला धरणारं काही: अंडं, डाळ, डब्यातले शिजवलेले घेवडे, चीज. चवीचा पाया: कांदा, लसूण, एखादा मसाला. ओलावा: टोमॅटो, दूध किंवा नुसतं पाणी. शेवटी वरून घालायचं आंबट किंवा कुरकुरीत: लिंबू, व्हिनेगर, दही, दाणे. प्रत्येक जागेला एकच वस्तू. घरातलं सगळं संपवण्याच्या नादात एका कढईत दहा जिन्नस पडले की प्रत्येकाचा शिजण्याचा वेळ वेगळा पडतो आणि शेवटी सगळ्याची चव एकसारखी पाणचट लागते.

चिरणं पूर्ण झाल्याशिवाय गॅस पेटवू नका. कढईत लसूण करपत असताना टोमॅटो चिरणं, हे अपयशाचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं घाला म्हणजे तो सरकणार नाही. पकडणाऱ्या हाताची बोटं आत मुडपून ठेवा, म्हणजे सुरीचं पातं पेरांना टेकून चालेल. बोथट सुरी जास्त धोक्याची, कारण तिला जोर लावावा लागतो आणि ती सटकते.

कांद्यावर जरा थांबू, कारण सत्तर टक्के चव इथे ठरते असं मी बेधडक म्हणेन. एक मध्यम कांदा, साधारण १५० ग्रॅम, त्याला एक मोठा चमचा म्हणजे १५ मिली तेल. तेल तापून हलायला लागलं की कांदा घाला, चिमूटभर मीठ घाला आणि आच मध्यम करा. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. ते निघून जाईपर्यंत कढईतलं तापमान १०० अंश सेल्सियसच्या आसपासच अडकतं, आणि रंग व खमंगपणा देणारी प्रक्रिया नीट वेग घेते ती १४० अंशांच्या पुढे. म्हणून पहिली तीन-चार मिनिटं कांदा फक्त पारदर्शक होतो आणि ओलसर चरचर ऐकू येते. मग आवाज बदलतो, कोरडा आणि बारीक होतो. तिथून लक्ष द्यायचं. आठ-दहा मिनिटांत सोनेरी रंग येतो आणि रोजच्या जेवणाला तो पुरेसा आहे. गडद तपकिरी, गोडसर कांद्याला मंद आचेवर पाऊण तासाच्या आसपास लागतं. दहा मिनिटांत होतो असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कडा काळ्या आणि मध्ये कच्चा असा कांदा दिसला तर आच जास्त होती. आच कमी करा, दोन चमचे पाणी शिंपडा आणि तळाला धरलेलं उलथन्याने सोडवून घ्या. याच कारणाने लहान कढईत तीन कांदे एकदम घालू नयेत. पाण्याला निघून जायला जागा राहत नाही, कांदा वाफेवर शिजतो आणि फिकट राहतो.

लसूण कांद्यानंतर घाला. बारीक चिरलेला लसूण गरम तेलात अर्ध्या मिनिटात होतो आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात कडू. कडू झालेला लसूण नंतर कशानेही झाकला जात नाही; तेल टाकून पुन्हा सुरुवात केलेली बरी. अख्खे मसाले आधी तेलात, पूड सगळ्यात शेवटी, आणि पुडीनंतर लगेच काहीतरी ओलं. टोमॅटो हाताशी नसेल तर चमचाभर पाणी ठेवा. कोरड्या तेलात पूड वीस सेकंदांत जळते.

मिठाचा अंदाज वजनावर बांधा: पदार्थाच्या साधारण एक टक्का. एका माणसाच्या भरलेल्या ताटलीत ४००–५०० ग्रॅम अन्न असतं, म्हणजे चार-पाच ग्रॅम मीठ. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा सहा ग्रॅमच्या आसपास भरतो, तेव्हा आधी अर्धा चमचा घाला आणि उरलेलं चाखत चाखत. नूडल्स किंवा पास्त्याच्या पाण्याला लिटरमागे दहा ग्रॅम. चीज, सॉस, पाकिटातला मसाला यांत मीठ आधीच असतं. ते घातल्यावर चाखायचं आणि मगच मिठाच्या डब्याला हात लावायचा.

भात. एक वाटी धुतलेल्या तांदळाला दोन वाट्या पाणी. उकळी आली की आच अगदी मंद करा, झाकण घट्ट ठेवा, बारा ते पंधरा मिनिटं थांबा. गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही, कारण वरचे आणि खालचे दाणे सारखे होतात ते याच दहा मिनिटांत. दोन वाट्या तांदळाला चार वाट्या पाणी घातलं की भात गिचका होतो आणि त्याचं कारण फार जणांना माहीत नसतं. तांदूळ स्वतः जवळपास आपल्या आकारमानाइतकंच पाणी पितो. उरलेलं पाणी वाफ होऊन जातं, आणि किती वाफ जाणार हे भांडं, झाकण आणि वेळ यांवर ठरतं, तांदळाच्या मापावर नाही. म्हणून दुप्पट तांदळाला तीन ते सव्वातीन वाट्या पाणी पुरतं. भात फसलाच तर दोन उपाय. कच्चट राहिला असेल तर पाव वाटी उकळतं पाणी शिंपडून पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा. गिचका झाला असेल तर ताटात पसरून वाफ जाऊ द्या, आणि नंतर कांदा-अंड्यात परता.

बटाट्याचं एक कोडं नेहमी विचारलं जातं: अर्धा तास शिजवला तरी बटाटा मधून कडक का? बहुतेक वेळा टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर आधी पडलेलं असतं. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात सहज सुटत नाही, त्यामुळे बटाटा मऊ व्हायला नकार देतो. दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, कांदा झाल्यावर ते घाला, तीन-चार चमचे पाणी घालून झाकणाखाली बारा-पंधरा मिनिटं शिजवा. सुरीचं टोक आरपार गेलं की मगच टोमॅटो. डाळीलाही हाच नियम. बटाट्याचा हिरवट झालेला भाग आणि कोंब खोलवर कापून टाका. बटाटा बराच हिरवा असेल किंवा कडू लागला तर अख्खाच फेकून द्या.

डाळींमध्ये संध्याकाळच्या घाईत लाल मसूरडाळच घ्यावी. ती भिजवावी लागत नाही. १०० ग्रॅम डाळीला ४०० मिली पाणी, अर्धवट झाकण, पंधरा ते वीस मिनिटं. पूर्ण झाकलं की फेस उतू जाऊन गॅस विझतो. वर कांदा-लसणाचं तेल ओतलं की जेवण झालं. राजम्याच्या वाटेला मात्र ऐनवेळी जाऊ नका. त्याच्या कच्च्या दाण्यात असलेल्या लेक्टिन या प्रथिनामुळे उलट्या होतात. रात्रभर भिजवणं, ते पाणी टाकणं, मग निदान दहा मिनिटं आणि शक्यतो अर्धा तास खळखळून उकळणं आणि त्यानंतर मऊ होईपर्यंत शिजवणं, एवढं सगळं त्याला लागतं. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. डबाबंद मिळणारा चालतो, तो शिजवलेलाच असतो.

अंडं सगळ्यात झटपट, आणि ते बिघडतंही सगळ्यात झटपट. पांढरं ६२ अंशांच्या आसपास आणि पिवळं त्याहून थोडं वर घट्ट होऊ लागतं, म्हणजे पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा मोठी आच कशालाच नको. दोन अंडी फेटा, छोटा चमचाभर लोणी किंवा तेलात मध्यमहून कमी आचेवर घाला, कडेचं मध्ये ओढत राहा. वरचा ओलेपणा जेमतेम जातोय असं दिसलं की गॅस बंद करा. भांड्याची धग उरलेलं काम करते. आचेवरच पूर्ण कोरडं होऊ दिलंत तर प्रथिनं आवळून आतलं पाणी पिळून काढतात. ताटलीत वातड गोळे आणि भोवती पाणी दिसतं ते यामुळे.

हाताला चाळा हवा असेल तर पीठ मळा. माझ्या मते परीक्षेच्या दिवसांतलं सगळ्यात उत्तम काम हेच. २०० ग्रॅम गव्हाचं पीठ, अर्धा छोटा चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल आणि साधारण १२० मिली पाणी, थोडं थोडं करून. पहिली दोन मिनिटं पीठ बोटांना चिकटतं आणि वरून कोरडं पीठ भुरभुरावंसं वाटतं. तो मोह टाळा. तळहाताच्या टाचेने पुढे ढकला, दुमडा, पाव वळसा फिरवा, पुन्हा ढकला. चौथ्या मिनिटाच्या सुमारास ते भांडं सोडतं, बोटं स्वच्छ होतात. आठव्या मिनिटाला पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि बोटाने दाबलेली खळी सावकाश वर येते. तेव्हा थांबा, ओल्या फडक्याखाली वीस ते तीस मिनिटं ठेवा. हा वेळ वगळला तर लाटताना गोळा रबरासारखा मागे येतो, कारण ताणलेल्या ग्लुटेनला, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनाला, सैल व्हायला वेळच मिळालेला नसतो. सोय अशी की ही वीस मिनिटं तुमची आहेत. चिठ्ठीवरचं एक उदाहरण त्यात सुटतं. मग दोन-तीन मिलिमीटर जाड लाटून चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर भाजा. तवा पुरेसा तापला नसेल तर भाजायला वेळ लागतो, तेवढ्यात पीठ सुकतं आणि पोळी कडक होते.

मळायचा कंटाळा असेल तर सरसरीत पिठाचे पातळ घावन: १०० ग्रॅम मैदा किंवा कणीक, एक अंडं, २०० ते २२० मिली दूध, चिमूट मीठ. दूध एकदम ओतलं की गुठळ्या होतात. आधी निम्म्या दुधात घट्ट गुळगुळीत कालवा, मग उरलेलं घाला. पंधरा मिनिटं मुरू द्या. पहिला चिकटणारच असं लोक धरून चालतात, पण तो चिकटतो ते तवा न तापल्यामुळे. पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो नुसता पसरून बसला तर अजून थांबा, चुरचुरत उडून गेला की ओता.

गोड हवंच असेल तर मगमधला केक, कारण तो फसला तरी पाच मिनिटंच गेलेली असतात. मैदा चार मोठे चमचे, साखर दोन, कोको एक, बेकिंग पावडर पाव छोटा चमचा, दूध चार आणि तेल दीड मोठे चमचे. मोठा मग निम्माच भरा. ८०० वॉटच्या मायक्रोवेव्हमध्ये ७० ते ९० सेकंद. मधोमध किंचित ओलसर असतानाच काढा. जास्त झाला की दगड होतो. बेकिंग पावडरऐवजी तेवढाच खायचा सोडा घालू नका. तो साधारण तिप्पट जोरकस असतो आणि त्याला दह्यासारखं आंबट काही लागतं, नाहीतर साबणासारखी चव येते.

खोलीत फक्त किटली किंवा मायक्रोवेव्ह असेल तर मर्यादा ओळखा. किटलीत पाण्याशिवाय काही उकळू नका. दूध किंवा नूडल्सचा स्टार्च तळाला करपतो, फेस उतू जातो आणि बटण वेळेवर बंद होईलच असं नाही. उकळतं पाणी बारीक नूडल्सवर किंवा झटपट ओट्सवर ओतून झाकून ठेवायचं, इतपत ठीक. डाळ अशी शिजत नाही. मायक्रोवेव्हमध्ये कवचासकट अंडं ठेवू नका, ते बाहेर काढल्यावरही फुटू शकतं. फोडलेल्या अंड्याचा बलकही सुरीच्या टोकाने टोचून घ्या. नुसतं पाणी तापवताना आत लाकडी चमचा ठेवा, नाहीतर न उकळता अतितप्त झालेलं पाणी हलवताच उसळतं.

बिघडलेलं सावरण्याबद्दल. खारट झालं तर माप वाढवणं हा एकच उपाय: पाणी, बिनमिठाचा भात किंवा उकडलेला बटाटा कुस्करून. कच्चा बटाटा टाकून काढून घेतल्याने मीठ शोषलं जात नाही. तो खारट पाणी पितो, उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. तिखटाला दही, दूध किंवा लोणी. पाणचट असेल तर झाकण काढून मोठ्या आचेवर आटवा, पीठ लावत बसू नका. मीठ बरोबर असूनही चव सपाट लागत असेल तर अर्ध्या लिंबाचा रस बहुधा काम करतो. तळाला लागलं तर ढवळू नका आणि खरवडू नका. वरचं तेवढं अलगद दुसऱ्या भांड्यात घ्या.

थकव्यात होणाऱ्या चुका चवीपुरत्या राहत नाहीत. परीक्षेच्या दिवसांत तळण नको. तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद, वर झाकण. पाणी ओतायचं नाही आणि भांडं उचलून पळायचं नाही. भांडं आचेवर असताना ‘दोन मिनिटं वाचून येतो’ असं करायचं नाही, आणि डोळे मिटत असतील तर गॅस पेटवायचाच नाही. पाव आणि चीजवर भागवा. उरलेला भात तासाभरात पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्या. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. उबदार भातात ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

पेपरच्या आदल्या दिवशी प्रयोग बंद. आधी जमलेलाच पदार्थ, ताजा, बेताच्या तेला-मसाल्याचा, झोपण्याच्या दोन-तीन तास आधी. अंडं असेल तर पूर्ण घट्ट शिजवलेलं. झाकण नेहमी आपल्यापासून पलीकडच्या बाजूला कलवून उघडा, कारण ते बहुधा लिहित्या हातानेच उचललं जातं आणि वाफेचा चटका नेमका त्याच बोटांना बसतो. बसलाच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. बर्फ, लोणी, टूथपेस्ट काही लावू नका.